खारपाणपट्ट्यातील जमिनीला जिप्सम देण्यापूर्वी

तुम्ही विदर्भातील पूर्णा खोऱ्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या खारपाणपट्ट्यात, प्रथमच शेती करत आहात, म्हणून सांगतो की जिप्समची (जमीन सुधारणाऱ्या कॅल्शियमयुक्त खनिजाची) पोती आणण्याआधी माती परीक्षण करून घ्यावे. जमीन नुसती क्षारयुक्त असेल, तर निचरा आणि गोडे पाणी यांनी काम भागते. परंतु सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, १५ टक्क्यांहून अधिक असेल, तर ती चोपण समजावी व तिला जिप्समच हवे. घरच्या घरी पाहायचे असल्यास वाळलेले ढेकूळ ग्लासभर पावसाच्या पाण्यात न हलवता ठेवावे. काही तासांत त्याभोवती दुधाळ गढूळपणा पसरला, तर सोडियमने मातीचे कण सुटे केले आहेत, असे समजावे. जिप्सममधील कॅल्शियम त्या सोडियमची जागा घेते, मात्र सुटलेला सोडियम वाहून जाण्यास चर नसतील, तर तो तिथेच राहतो आणि खर्च वाया जातो, ही चूक मी पहिल्या वर्षी केली.

मात्रा अहवालाप्रमाणेच ठरवावी, शेजाऱ्याचे पाहून नव्हे. भुकटी पावसाळ्यापूर्वी वरच्या वीतभर थरात मिसळावी, सोबत कुजलेले शेणखत द्यावे. जमले तर धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलोऱ्यावर येताच गाडावा. विहिरीचे खारे पाणी मात्र तपासल्याशिवाय देऊ नये.