लंडनला पहिल्यांदा निघालेल्या भावासाठी

भावा, तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी करू नकोस. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. लंडन मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर आपल्या साडेचार तास मागं, एरवी साडेपाच. मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७२०० किमी. ताशी ९०० नं भागलंस तर आठ तास येतात, पण जाताना नऊ-दहा धर. उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतो, म्हणून येताना वेळ कमी लागतो.

खरी काळजी कोल्हापूर-मुंबईची. पावणेचारशे किमी रस्ता, त्यात पावसाळ्यात खंबाटकीत नाहीतर खंडाळ्यात अडकलास की सगळं गणित कोलमडतं. विमानतळावर तीन तास आधी हवास. पहाटेचं विमान असेल तर आदल्या सकाळीच नीघ आणि रात्री मुंबईत पावण्यांकडं टेक.