सिक्युरिटी गार्डने मारहाण केली तर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावता येतो का? किती मिळते?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की कॉम्प्लेक्सच्या गार्डने पार्किंगवरून भावाचं डोकं फोडलं, आणि आता "गरीब माणूस आहे, सोडून द्या" असं नातेवाईकच सांगताहेत. हे शेवटचं वाचलं आणि रात्री साडेअकराला लिहायला बसलो. आमच्या दाजींचं हेच वाक्य होतं.

दावा लावता येतो. फक्त एकट्या गार्डवर लावू नका. त्याला तिथे उभं करणारी एजन्सी आणि जागेचा मालक, दोघांनाही प्रतिवादी करा.

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. जानेवारी 2019 मध्ये बहिणीच्या वास्तुशांतीला द्यायला एका कॉम्प्लेक्समध्ये मिक्सर घेतला. पावती बायकोच्या पर्समध्ये, बायको वरच्या मजल्यावर साडीच्या दुकानात. गेटवर गार्डने पावती मागितली. म्हटलं, येतेय ती, पाच मिनिटं थांबा. तो म्हणाला, "सगळे चोर हेच सांगतात." मी आवाज चढवला. चढवला, खोटं कशाला बोलू. मग तो आणि त्याचा एक जोडीदार, दोघांनी मिळून मला तळघरात नेलं. खोली कसली, फरशी पुसायच्या बादल्या, एक पाय तुटलेली प्लॅस्टिकची खुर्ची आणि भिंतीवर वॉकीटॉकीचे चार्जर. तिथे उजवा हात मागे पिरगाळला. कट्‌ असा आवाज आला. बाहेरून कडी. पाऊण तासाने बायको पावती घेऊन खाली आली, तेव्हा मॅनेजर म्हणतो, "गैरसमज झाला, चहा घ्या."

पोलीस ठाण्यात आधी नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली. सिव्हिल हॉस्पिटलला एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद, झाली, एक्स-रेमध्ये मनगटाचं हाड मोडलेलं दिसलं, तेव्हा कुठे भारतीय दंड संहितेचं 325 (गंभीर दुखापत) आणि 342 (डांबून ठेवणं) लागलं. (1 जुलै 2024 नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहितेची 117 आणि 127 बघा.) हळदीचे सौदे जोरात आणि दिवाणजीचा उजवा हात प्लास्टरमध्ये! सहा आठवडे सौद्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या दुसऱ्याने लिहिल्या, माझा पगार कापला. त्याचा दाखला अडतीच्या मालकांकडून लगेच लिहून घेतला, तोच पुढे उपयोगी पडला.

आता दाजी. कॉम्प्लेक्सचा मालक त्यांच्या वर्गातला. "कोर्टाची पायरी चढू नको, मी मिटवतो" म्हणून बैठका सुरू झाल्या. सहा बैठका. दहा हजार आणि वर एक मिक्सर, एवढ्यावर गाडी आली. मी नाही म्हटलं की पुढची बैठक. असे चौदा महिने गेले आणि मार्च 2020 च्या पहिल्या आठवड्यात विजयनगरच्या कोर्टात दावा दाखल झाला. तिथे वकिलांनी सांगितलं की मारहाणीच्या भरपाईला मुदत 3 वर्षं, पण डांबून ठेवल्याच्या भरपाईला फक्त 1 वर्ष. बैठका चालू होत्या म्हणून मुदत थांबत नाही. कोरोनात सुप्रीम कोर्टाने मुदत मोजणं थांबवलं ते 15 मार्च 2020 पासून. माझं वर्ष जानेवारीतच संपलेलं. म्हणजे त्या पाऊण तासाचा एक रुपया मिळाला नाही. हाडापेक्षा तो पाऊण तास मला जास्त लागला होता, दाजी.

कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, कॉम्प्लेक्सचा मालक म्हणाला, करारात गार्डची जबाबदारी एजन्सीवर आहे. अहो, तो करार तुमच्या दोघांतला, मी कुठे सही केली होती? एजन्सी म्हणाली, मारायला आम्ही सांगितलं नव्हतं. कोणीच सांगत नाही. गेटवर पावती तपासायचं काम करतानाच त्याने हे केलं, मग काम देणाऱ्याची जबाबदारी येते. जुन्या वैरातून बाहेर कुठे गाठून मारलं असतं तर गोष्ट वेगळी. गार्डने चोरी डोळ्यांनी पाहिली तर तो धरून विनाविलंब पोलिसांत देऊ शकतो; हात मोडायचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याप्रमाणे एजन्सीला परवाना लागतो, गार्डची चारित्र्य पडताळणी आणि प्रशिक्षण लागतं. आमच्या गार्डची पडताळणी झालीच नव्हती. उलटतपासात एजन्सीवाला तिथेच अडकला.

सीसीटीव्हीबद्दल विचारलं तर उत्तर आलं, डीव्हीआर (फुटेज साठवणारं मशीन) 2019 च्या महापुरात बुडाला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, मान्य. पण डीव्हीआर तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात होता! म्हणून सांगतो, फुटेज जपून ठेवा असा लेखी अर्ज मालकाला आणि पोलिसांना आजच द्या, पोच घ्या. डीव्हीआर काही आठवड्यांत जुनं पुसतो. फुटेज मिळालं तर सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, नुसता पेनड्राइव्ह चालत नाही.

मी चार लाख मागितले होते. 2024 मध्ये व्याज सोडून 1,35,000 चा हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा हुकूम) झाला, गार्ड, एजन्सी आणि मालक अशा तिघांवर संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या. याचा अर्थ तिघांपैकी ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडून सगळी रक्कम वसूल करता येते. मी मालकाकडून घेतली, गार्डकडून काही नाही. तो पोरगा वीस-एकवीस वर्षांचा होता, बारा तासांची ड्युटी करायचा, साक्षीत म्हणाला की दोन महिने पगार नव्हता. गरीब होता हे दाजींचं बरोबरच होतं. पण गरीब तो होता, कॉम्प्लेक्सचा मालक नव्हता, आणि बैठकीत दाजी वाचवत होते ते मालकाला.

हो, मी वकील नाही. कोर्ट फीचा स्टॅम्प मागितलेल्या रकमेवर लागतो, तेव्हा उगाच पंचवीस लाख टाकू नका. लोकअदालतीत मिटलं तर तो परत मिळतो, आणि तिथे बरी रक्कम येत असेल तर घ्याही; माझा राग तडजोडीवर नाही, मुदत घालवण्यावर आहे. तुमच्या भावाने पहिला हात उचलला असेल तर भरपाई कमी होऊ शकते, हे वकिलापासून लपवू नका.

किती मिळेल ते असं सांगता येत नाही. घटनेची तारीख काय, एमएलसी झाली का, आणि त्याला कुठे कोंडून ठेवलं होतं का, एवढं खाली लिहा.