तीन ओळी, तिन्ही ‘चहा’

प्रश्न : ताई, माझी मुलगी २४ वर्षांची. बायपोलरमुळे (मनाच्या टोकाच्या चढउतारांचा आजार) तीन आठवडे दवाखान्यात होती, घरी येऊन महिना झाला. समुपदेशकांनी रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्यात. मी छानशी वही आणून दिली. परवा उघडून पाहिली, तर रोज तेच : ‘चहा, चहा, चहा.’ समोर बसवून नीट लिहून घेऊ का?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : नको हो. आधी वही वाचलीत हे तिला सांगा आणि माफी मागा. वॉर्डात आपली पिशवी, गोळी, झोप, सगळ्यावर दुसऱ्याची नजर असते. आता एवढी एक जागा तिची राहू द्या.

मीही याच आजारातून १४ वर्षांपूर्वी घरी आले. लिथियमच्या गोळ्यांमुळे हात थरथरायचा, अक्षर ओळीवर बसायचं नाही. माझ्या शंभर पानी वहीतली पहिली नोंद : ‘आंघोळ केली. केस नाही धुतले.’ तेवढंच खरं होतं. कुणी गोड गोड लिहून घेतलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मी वही उघडलीच नसती. तिचा चहाही खरा असेल. माझ्या वहीत पंधरा दिवसांनी आलं, ‘आईने गवती चहा घातला. गॅलरीत बसून प्यायले.’

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या चमूने २००५मध्ये हा प्रयोग मांडला, तेव्हा प्रत्येक गोष्ट का घडली हेही लिहायचं होतं, आणि तेही एकच आठवडा. त्यातली माणसं संकेतस्थळावरून आलेली होती, नुकती वॉर्डातून सुटलेली नव्हेत. म्हणून रोज तीनचा हट्ट सोडा. एक पुरे, एखादा दिवस कोरा गेला तरी चालेल.

तिला पटलं तर समासात झोपेचे तास लिहू दे, डॉक्टरांना फार उपयोग होतो. लिहिणं गोळ्यांच्या जोडीला आहे, गोळ्यांऐवजी नाही. तुम्ही वही पाहू नका, खोलीतला दिवा पाहा. पहाटे तीनपर्यंत ती भराभर पानं भरतेय, झोप कमी होऊनही थकत नाहीये, असं दोन रात्री दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. मरणाची भाषा आली तर तिला एकटं सोडू नका, लगेच दवाखाना गाठा. बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास असतो.

आणि पुढची वही तिलाच निवडू द्या. मला गुळगुळीत कागद नको वाटायचा, थरथरत्या हातातलं पेन घसरायचं.