सिद्रा म्हणजे आपली बोर

कोपरखैरण्याच्या एका वाचक बाईंनी विचारलंय : "मुलीच्या वर्गात सिद्रा नावाची मुलगी आहे. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी म्हणतं, हे नाव संस्कृत 'सिद्ध'वरून आलं. कुणी म्हणतं, सिद्रा म्हणजे स्वर्गातलं कमळाचं झाड. खरं काय?"

संस्कृत नाही, आणि कमळ तर नाहीच. कमळाला झाड कुठलं! हा घोटाळा इंग्रजीतून आलाय. तिथे याला 'लोट ट्री' म्हणतात, आणि ग्रीकांचा 'लोटॉस' कमळालाही चालायचा नि बोरीच्या जातीतल्या झाडालाही. अरबी 'सिद्र' म्हणजे बोर, आणि 'सिद्रा' म्हणजे त्यातलं एक झाड. तिकडची जात वेगळी, पण गोत एकच, काट्यांसकट.

नाव ठेवताना मनात असते ती 'सिद्रतुल मुंतहा', शेवटच्या सीमेवरची बोर. कुराणाच्या ५३व्या सुरेत, म्हणजे अध्यायात, अन्-नज्ममध्ये, तिचा उल्लेख आहे. मेराजच्या, म्हणजे स्वर्गारोहणाच्या, रात्री पैगंबरांना ती दिसली. हदीसमधलं, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतलं, वर्णन मोठं गोड आहे : पानं हत्तीच्या कानांएवढी, बोरं हजर गावच्या रांजणांएवढी. सृष्टीतल्या कुणाचंही ज्ञान तिच्या पलीकडे पोचत नाही, असं भाष्यकार सांगतात. 'मुंतहा' परका वाटतो, पण 'निहायत खूश' मधला निहायत त्याच धातूतला.

याच कुराणात ५६व्या सुरेतल्या स्वर्गात बिनकाट्याची बोर आहे. ३४व्या सुरेत मात्र पूर येऊन सबा या प्राचीन राज्याच्या बागा गेल्यावर जे उरलं, त्यात थोड्याशा बोरी. म्हणजे माळावरची बोरही तीच आणि सीमेवरचीही तीच. म्हणून मराठीत 'दिव्य वृक्ष' लिहिण्यापेक्षा सरळ 'सीमेवरची बोर' लिहावं, असं मला वाटतं. 'पवित्र वृक्ष'ही मला खटकतं. त्या शब्दाबरोबर वडाला गुंडाळलेला दोरा डोळ्यांपुढे येतो, आणि इस्लाममध्ये झाडाची पूजा नाही. मान आहे, तो वेगळ्या तऱ्हेचा.

तो मान घरात दिसतो. मयताला आंघोळ घालताना पाण्यात बोरीची पानं घालावीत, असं हदीसमध्ये आहे. मुंब्रा-कौशात उर्दू बोलणारे त्यांना 'बेरी के पत्ते' म्हणतात. आमच्याकडे संक्रांतीनंतर लहानग्याला बोरन्हाण घालतात, ते आठवून मी क्षणभर थबकले. दोन्हींचा संबंध काही नाही, उगीच जोडू नये.

जाता जाता : मराठीत झाड ती बोर, फळ ते बोर. दोन्ही संस्कृत 'बदर-बदरी'तून प्राकृतामार्गे आलेत. बदरीनाथातली बदरी हीच. तेव्हा 'सिद्रा'चा अर्थ कुणी विचारलाच, तर लेकीला 'बदरी' सांगायला हरकत नाही. आणि वहीवर नाव लिहिताना 'सदरा' होऊ देऊ नका.