शिंगाची पट्टी सरळ केली तरी परत वाकते, काय चुकतंय?

प्रश्न: मी तुर्की पद्धतीचं, म्हणजे लाकडाला शिंगाची पट्टी चिकटवलेलं धनुष्य बनवायला घेतलंय. गोठ्यातल्या मुऱ्हा म्हशीचं शिंग मिळालं, ते अख्खंच तासभर उकळलं आणि दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवलं. सकाळी काढलं तर सपाट होतं पण चार दिवसांत परत वाकलं, आणि दुसरं गॅसवर धरून दाबलं त्याचे पापुद्रेच सुटले. नेमकं कुठे चुकलं?

उत्तर: पहिली चूक शिंग निवडतानाच झालीय. मुऱ्हाचं शिंग जिलेबीसारखं वळलेलं, त्यातून धनुष्याच्या पात्याएवढी (मुठीच्या एका बाजूच्या वाकणाऱ्या भागाएवढी) सलग पट्टी निघतच नाही, कितीही उकळा. आपल्याकडे पंढरपुरी म्हशीची शिंगं बघा, पार खांद्याच्या मागे जातात, त्यातलं कमी पीळ असलेलं शोधा. पाळीव म्हशीचंच घ्या बरं का, गवा किंवा रानम्हशीचं अजिबात नको, 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते गुन्हा आहे.

आता मुख्य गोष्ट, अख्खं शिंग सपाट करायचं नसतं. आधी बाहेरच्या वळणाच्या बाजूने लांब पट्टी कापून घ्या, तीन-साडेतीन सेमी रुंद, आतली बाजू कानशीने घासून जाडी सगळीकडे सारखी करा आणि मगच उकळा, म्हणजे दाबायला फार थोडा बाक उरतो. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांसारखंच, गरम झालं की मऊ पडतं आणि थंड होताना ज्या आकारात धरलंय तो आकार घेतं. तुमची पट्टी परत फिरली कारण ती आतून ओलीच होती, सुकताना पुन्हा ओढली गेली. पाण्यातून काढल्या काढल्या क्लॅम्प लावा, एकदम न आवळता दर मिनिटाला थोडं थोडं आवळा, पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका, आणि नंतरही फळीला बांधूनच सावलीत दोन-तीन आठवडे सुकवा. ओल्या शिंगाला सरसही (चिकटवायचा गोंद) नीट धरत नाही.

गॅसची ज्योत मात्र बंद करा. जळक्या केसांसारखा वास आला म्हणजे शिंग करपायला लागलं, ते मग ठिसूळ होतं, तुमचे पापुद्रे त्यामुळेच सुटलेत. थोडा बाक राहिलाच तर हीट गन लांबून, सारखी हलवत वापरा.

आणि एवढा जीव काढायचा कशासाठी, तर शिंग दाब सोसतं, ताण नाही. म्हणून तुर्की कारागीर ते धनुष्याच्या पोटाला, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूला लावायचे, पाठीला जनावराच्या टेंडनचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचे) धागे आणि मधे मॅपलचं लाकूड. पट्टीत पोकळी किंवा भेग राहिली तर दाब तिथेच गोळा होतो आणि धनुष्य ओढताना तुटतं, तेही चेहऱ्यासमोर, तर संशय असेल ती पट्टी सरळ बाजूला काढा. चिकटवायच्या आधी शिंग आणि लाकूड दोन्हींवर दातेरी पात्याने उभ्या बारीक चऱ्या पाडा, जुने कारागीर असंच करायचे, त्याने सरसाला धरायला जास्त जागा मिळते.