एफजीडीचं पाणी परत वापरायचंय? आधी क्लोराइडचा हिशेब मांडा

तुमचा प्रश्न असा, की एफजीडीच्या (वीजकेंद्राच्या धुरातला गंधक चुनखडीच्या स्लरीने धुऊन काढणारी यंत्रणा) ब्लोडाउनला, म्हणजे क्षार साठू नयेत म्हणून बाहेर सोडलेल्या पाण्याला, चुना, फेरिक क्लोराइड आणि पॉली (गाळाचे गोळे बांधणारं रसायन) देऊन क्लॅरिफायरमधून, म्हणजे गाळ बसवायच्या टाकीतून, काढलेलं पाणी काचेसारखं नितळ निघतं, मग ते कूलिंग टॉवरला का देऊ नये?

नितळ असतं, कबूल. पण त्यातलं क्लोराइड जिथल्या तिथे असतं. चुन्याने पीएच ९च्या आसपास नेला की बरेचसे जड धातू खाली बसतात, पारा सल्फाइडवाल्या रसायनाने धरता येतो. क्लोराइड यातल्या कशालाच दाद देत नाही. मी पूर्वी होतो त्या प्लांटात कुणीतरी हेच पाणी पंपांच्या सीलला जोडलं. 'फुकटचं पाणी' म्हणून आठवडाभर सगळे खूश. काही महिन्यांनी पंप उघडला, तर ३१६ स्टीलच्या स्लीव्हवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. बोट फिरवलं तरी लागत होते.

मुळात ब्लोडाउन काढायचं ते क्लोराइड बाहेर घालवण्यासाठीच. कागदावर मांडून बघा. आकडे उदाहरणादाखल घेतलेत. ताशी ३०० टन कोळसा, त्यात ०.०२ टक्के क्लोरीन, म्हणजे ६० किलो. ॲबसॉर्बरला (धूर धुतला जातो तो टॉवर) ताशी ८० घनमीटर मेकअप, म्हणजे भरपाईचं पाणी, त्यात लिटरला २०० मिलिग्रॅम क्लोराइड, म्हणजे आणखी १६ किलो. स्लरीत लिटरला १५,००० मिलिग्रॅमची, म्हणजे घनमीटरला १५ किलोची, मर्यादा पाळायची तर ७६ भागिले १५, ताशी साधारण ५ घनमीटर ब्लोडाउन. आता पाणी वाचवायचं म्हणून मेकअपला ६०० मिलिग्रॅमचं कूलिंग टॉवर ब्लोडाउन दिलं, तर तेच ७ घनमीटरच्या वर जातं. तो मार्ग वाईट नाही, ताजं पाणी खरंच वाचतं. फक्त मागच्या बाजूचा, म्हणजे ब्लोडाउनवर प्रक्रिया करायचा, खर्च वाढतो, तो धरून चाला. मिस्ट एलिमिनेटर (धुराबरोबर जाणारे थेंब अडवणारी जाळी) धुवायला मात्र चांगलंच पाणी ठेवा, नाहीतर तिथे गंधक आणि चुनखडीतून होणाऱ्या जिप्समचे थर चढतात.

'राखेवर मारून टाका' हा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. ओल्या राखेच्या स्लरीत किंवा धूळ दाबायला चालतं. सिमेंटवाल्याला जाणाऱ्या राखेवर नको. किलोभर राखेला १५० मिली पाणी मारलं की सव्वादोन ग्रॅम क्लोराइड गेलं, म्हणजे ०.२२ टक्क्यांच्या वर. आयएस ३८१२ मध्ये मर्यादा आहे ०.०५ टक्के. गाडी परत आली की मग कळतं, फुकटचं पाणी केवढ्याला पडलं ते.

आरओचं म्हणाल, तर हे पाणी जिप्समने आधीच संपृक्त असतं. तसंच सोडलं तर मेम्ब्रेनवर कवच बसतं. बाष्पीभवनाची अडचण वेगळीच. यातलं मीठ बरंचसं कॅल्शियम क्लोराइड असतं. ते आटवत गेलं की काकवीसारखं दाट होतं, पण खडे सहज धरत नाही. धरलेच तर पावसाळ्यात पोत्यांना पाझर फुटतो. म्हणून आधी चुन्याने मॅग्नेशियम पाडायचं, मग सोडा ॲशने कॅल्शियम. उरतं ते मुख्यतः साधं मीठ, आणि ते नीट खडे धरतं. भाव इथेच लागतो: एक किलो कॅल्शियमला २.६५ किलो सोडा ॲश. त्यातल्या त्यात बरं म्हणजे पडलेलं कॅल्शियम कार्बोनेट पुरेसं शुद्ध असेल तर चुनखडीबरोबर ॲबसॉर्बरला परत घालता येतं.

सेलेनियम मोजत नसाल तर मोजायला लागा. त्याची पाण्यात दोन रूपं असतात: सेलेनाइट लोहाबरोबर बसतं, सेलेनेट बसत नाही, आणि ॲबसॉर्बरमध्ये हवा गरजेपेक्षा जास्त मारली की पहिल्याचं दुसरं होतं. ही हवा मारणारे ब्लोअर सरसकट फुल ठेवण्याची सवय आपल्याकडे फार.

आणि डहाणू आणि ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रांचं उदाहरण इथे लावू नका. तिथलं एफजीडी समुद्राच्या पाण्यावर चालतं. चुनखडीची स्लरीच नाही, म्हणून हे असलं ब्लोडाउनही नाही.

तुमच्या स्लरीचं क्लोराइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि मेकअपच्या पाण्याचा रिपोर्ट इथे टाका. शक्यतो उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यातला वेगवेगळा. एव्हॅपरेटरचा (पाणी आटवायच्या यंत्राचा) साइज त्यानंतर बोलू.