गावातल्या १८ ते २५ वयाच्या मुलामुलींना सरकारी धोरणं आणि व्यवस्थेतले बदल समजावून सांगायचे तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की जिंतूर तालुक्यातल्या तुमच्या गावात वाचनालयाच्या खोलीत पोरं-पोरी जमतात, 'व्यवस्था बदलली पाहिजे' असं सगळेच तावातावाने म्हणतात, पण धोरणाचा विषय काढला की जांभया सुरू होतात, तर एखादा चांगला वक्ता सुचवा. वक्ता बोलावू नका. हार-नारळ होतील, फोटो निघतील आणि दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथं.

मी अंबाजोगाईत अभ्यासिका चालवतो. येणारी बहुतेक मुलं एमपीएससीची. त्यांना ७३ वी घटनादुरुस्ती पाठ, कलम ३७१(२) पाठ, वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली हेही पाठ. 'तुमच्या ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचे किती आले आणि कशावर गेले?' असं विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. माहिती ढीगभर आहे. तिचा आपल्या घराशी संबंध कुणी लावून दिलेला नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच: घरात ज्या एका गोष्टीवरून ओरडा चाललाय ती उचला आणि ती ज्या नियमामुळे तशी झाली, त्या नियमापर्यंत मागे मागे जा. आपल्याकडे अशी गोष्ट शोधावी लागत नाही. पीक विमा.

चर्चेची सुरुवात ठरलेली असते: 'शेजारच्या गावाला मिळाला, आम्हाला नाही, म्हणजे मधल्या मधी कुणीतरी खाल्ला.' कधी खाल्लेलाही असतो, नाही असं नाही. पण आधी फळ्यावर गणित मांडा. समजा तुमच्या महसूल मंडळात (म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटात) सोयाबीनच्या मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ वर्षं धरून हेक्टरी सरासरी १५ क्विंटल निघाली. जोखीमस्तर, म्हणजे सरासरीच्या जेवढ्या भागाची विमा हमी देतो तो, ७० टक्के; म्हणजे उंबरठा उत्पादन साडेदहा क्विंटल, त्याच्या खाली गेलं तरच भरपाई. यंदाच्या पीक कापणी प्रयोगांची (निवडक रानांत पीक कापून, वजन करून काढलेली) सरासरी आली ८.४. तूट २.१ क्विंटल, म्हणजे साडेदहाच्या २० टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार धरली तर भरपाई १० हजार. (आकडे समजण्यापुरते घेतलेत. तुमच्या मंडळाचे खरे आकडे पोरांनाच तालुका कृषी कार्यालयातून आणायला लावा, तोही एक धडाच आहे.)

इथं कुणीतरी उठतंच. 'सर, माझ्या रानात गुडघाभर पाणी होतं, एक दाणा घरी आला नाही, तरी मला दहाच हजार?' हो, दहाच. आणि ज्याच्या माळावरच्या सोयाबीनला धक्काही लागला नाही, त्यालाही दहा. हिशोबात तुझं रान नाहीच बाबा, अख्खं मंडळ आहे.

एवढं डोक्यात शिरलं की 'कोणी खाल्लं'चं 'हे असं कुणी ठरवलं' होतं, आणि मग खरी मजा सुरू होते. मंडळाऐवजी गाव हे एकक धरलं तर? चालेल, पण मग कापणी प्रयोग किती पटींनी वाढतील, ते करणार कोण? तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक हीच माणसं, आणि त्यांच्याकडे आधीच दोन-दोन गावं. जोखीमस्तर ७० चा ८० केला तर? हप्ता वाढेल. खरिपात सोयाबीनसाठी शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या २ टक्क्यांवर बांधलेला, म्हणजे वाढीव बोजा सरकारवर; मग सरकार कुठला दुसरा खर्च कापणार? दोन-तीन वर्षं सलग पीक गेलं तर सरासरीच खाली येते आणि पुढच्या वर्षीचा उंबरठाही खाली जातो. चांगलीच ५ वर्षं धरायची, हे याच दुखण्यावरचं औषध. नियम आभाळातून पडत नाही आणि तो बदलता येतो, याचा पुरावा नियमातच बसलेला असतो.

मग अलीकडची गोष्ट सांगा. २०२३ च्या खरिपात राज्याने १ रुपयात विमा आणला. अर्जांचा पूर आला, सरकारी आणि देवस्थानाच्या जमिनींवरही विमे उतरवल्याच्या तक्रारी झाल्या. २०२५ च्या खरिपापासून १ रुपयाची सवलत गेली आणि तिच्याबरोबर स्थानिक आपत्तीची, म्हणजे एकट्याच्या रानातल्या नुकसानीची, वेगळी भरपाईही गेली; उरला फक्त मंडळाच्या सरासरी उत्पादनाचा आकडा. आणि त्याच सप्टेंबरात मराठवाड्यातली शेतं पुराने खरवडून गेली. यावर वेगळं भाषण करायची गरज पडत नाही. बोगस अर्ज थांबवायला काढलेला उपाय खऱ्या नुकसानवाल्याच्या अंगावर कसा येतो, हे पोरं तुम्हालाच सांगतात.

ओळखीने काम करून घेणं आणि व्यवस्था सुधारणं यातला फरकही इथंच सांगून टाका. एखाद्याचा मामा कार्यालयात असतो, त्याचा अडकलेला अर्ज मार्गी लागतो. बरं झालं. पण पुढच्या हंगामात त्याच रांगेत गाव पुन्हा उभं. आपल्याकडे पुढाऱ्याची किंमत तो किती फोन करतो यावर ठरते, त्यामुळे हा मुद्दा पोरांना लवकर पटत नाही. वाद घालू द्या.

दुसरी बैठक जीआरची. शासन निर्णय छापून प्रत्येकाच्या हातात द्या, मोबाईलवर नको. तिसऱ्या ओळीला माणूस झोपतो हे खरं, म्हणून वाचायचा क्रम बदला. आधी शेवट बघा: 'वित्त विभागाच्या सहमतीने' असं कुठं लिहिलंय का, लेखाशीर्ष (खर्च बजेटच्या कुठल्या खात्यातून, तो क्रमांक) दिलंय का? लेखाशीर्ष नसेल तर 'पैसे कुठून?' हा प्रश्न वहीत लिहून ठेवायचा. मग वरचे संदर्भ: आधीचे कुठले जीआर, कुठली समिती. प्रस्तावनेत सरकार स्वतःच सांगतं की आधीच्या योजनेत काय बिनसलं होतं, आणि हे कुणी वाचतच नाही. शेवटी 'प्रत' म्हणून जी लांबलचक यादी असते ना, राज्यपालांच्या सचिवांपासून थेट निवड नस्तीपर्यंत (कार्यालयात जपून ठेवायची फाईल), ती म्हणजे अंमलबजावणीची साखळीच. त्यात आपल्या तालुक्यातला साहेब कोणता, ते बोट ठेवून शोधायला लावा. पुढं तक्रार करताना नेमकं दार ठोठावता येतं.

एक काम घरी द्या. आजी-आजोबांना ७२ च्या दुष्काळाबद्दल विचारून या म्हणावं. सुकडी, खडी फोडणं, पाझर तलावाची मातीकामं... म्हातारी माणसं तासभर थांबत नाहीत. त्यावर मग तुम्ही सांगा की विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात कामाच्या हमीचा प्रयोग केला होता, दुष्काळाने तो राज्यभर नेला, त्याच्या पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, १९७७ मध्ये कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि २००५ मध्ये देशाने कामाच्या हमीचा कायदा केला. दुष्काळी काम सरकारने काढलं तर मिळायचं. कायद्यानंतर मागेल त्याला काम देणं बांधील झालं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. गावातल्या मास्तरांच्या पगारातून आजही व्यवसाय कर कापला जातो, पावती दाखवा. आजीची खडी आणि मास्तरांची पावती एकाच धोरणाची दोन टोकं, हे कळल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

जायकवाडीचाही एक खेळ घेता येईल. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातलं समन्यायी वाटपाचं तत्त्व, मेंढेगिरी समिती (वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचं ते सुचवणारी), आणि तिच्या सूत्रातला नियम की १५ ऑक्टोबरला नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे आधी समजावून द्या. मग निम्म्या पोरांना नगर-नाशिकचे बागायतदार करा आणि भांडू द्या. आपल्या हक्काच्या पाण्याविरुद्ध बोलताना पहिल्यांदा अडखळतात. पण समोरच्याची बाजू मांडता आली नाही तर आपली बाजूही घोषणेपुरतीच राहते.

आरक्षण पहिल्या महिन्यात घेऊ नका. खोली दोन भागांत वाटली जाईल आणि परत एकत्र येणार नाही. विषय निघणारच, तेव्हा हैदराबाद गॅझेटबद्दलचा २ सप्टेंबर २०२५ चा जीआर टेबलावर ठेवा आणि 'वाचलाय कुणी?' एवढंच विचारा. माझ्याकडे दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलणाऱ्यांपैकी हात फारसे वर आले नाहीत.

बैठक संध्याकाळी सातला ठेवलीत तर मुली येणार नाहीत, आणि मग 'मुलींना यात रस नाही' असं तुम्हीच म्हणाल. दुपारची ठेवा. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ही तरतूद पोरींना सांगा. माझ्याकडच्या मुलींनी सगळ्यात आधी हेच उचललं.

माहिती अधिकार शिकवा (१० रुपये, ३० दिवस), पण पहिलं हत्यार म्हणून नको. कलम ४ प्रमाणे जे आपणहून जाहीर करायचंय ते आधी मागायचं. अर्ज टाकून ग्रामसेवकाला घाबरवणारी एक जमात तालुक्याला असतेच, तिच्यात भरती नको. सेवा हमीचा २०१५ चा कायदा त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, दाखला मुदतीत मिळाला नाही तर अपील कसं करायचं ते त्यात आहे.

आणि वेळेचं बघा. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घ्यायला लागतो. पोरं मार्चमध्ये प्रश्न घेऊन गेली तर 'आता पुढच्या वर्षी बघू' हेच ऐकून येतील. त्यामुळे ऑगस्टमध्ये सुरुवात करा. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर मागच्या वर्षीचा आराखडा असतो, तो काढा. त्यातलं 'पूर्ण' म्हणून दाखवलेलं एक काम निवडा आणि सगळ्यांनी मिळून ते कुठं आहे ते बघून या. नाली असेल तर नाली. सापडली तर लांबी मोजून आणा, नाही सापडली तर २ ऑक्टोबरला विचारायचा पहिला प्रश्न तयार आहे.